साध्या कपड्यातली चौकशी

बाबा, आज पेणला ड्युटीवर गेले ती फिकट निळा ड्रेस आणि ओढणी घालून. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "हवालदाराची पोर चौकशीला निघाली का हळदीकुंकवाला?" पण आता कायदाच तसा आहे. अठराच्या आतल्या मुलांना विचारायचं तर वर्दी नको, बेडी नको, कोठडीचं तर नावच नको, आणि आईबापांना आधी कळवायचं. ठाण्यात माझ्याकडे कामच ते. नवा शिपाई कुरकुरला, "मॅडम, इथंच आणा, दोन मिनटांत बोलंल." म्हटलं, बोलेल रे, पण काय बोलेल?

हे तुमचंच. रोह्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. डब्यातला गूळ संपला की तुम्ही आधी पट्टा सोडता, खाकी शर्ट खुंटीला लावता, बनियनवर आमच्याशेजारी बसता आणि मगच विचारता. एकदा आई आमच्यावर कडाडली तर तिलाच दटावलंत, "भ्यालेलं पोर कायपन कबूल करतं गो. त्याचा उपेग काय?" आणि बऱ्याचदा शेवटी निघायचं असं की गूळ तुम्हीच चहात संपवलाय.

रामवाडीतल्या घरी चौदा वर्षांची मुलगी होती. शेजारणीची सोन्याची चेन गेली, आळ हिच्यावर आला, तेव्हापासून पोरगी शाळेत जाईना. पडवीत त्यांचा गणपतीचा कारखाना. फोनवर कळवलं होतं, पण तिची आई खाकीची वाट बघत होती. मी आत पाऊल टाकते तोच मातीच्या हातांनी पुढे येते. "या ताई, पाट आनला नाय? असूं दे. गौरी पन हव्यात ना? मुखवटे बघा, यंदा लय ग्वाड झालेत." आपल्याकडे मूर्ती सांगायला घरचा पाट घेऊन जातात, मी रिकाम्या हाती, तरी ही बया मला बोलू देईना. शेवटी ओळखपत्र काढलं. तिने घाईघाईने मातीचे हात पदराला पुसले.

म्हटलं, "घाबरू नका, तुमच्यासमोरच विचारणार." तेवढ्यात दाराआडून हसू फुटलं. "आये, तू पोलिसांना गौरी इकत होतीस!" मग आम्ही तिघीही पोट धरून हसलो.

सगळ्यांनी तिला एकच विचारलं होतं, चेन कुठे ठेवलीस. मी विचारलं, शेवटची कधी पाहिलीस? "शेजारच्या काकी हौसेनं आमच्यात माती मळायला बसल्या, तवा गळ्यात होती." गोणपाटाखाली त्याच मातीतला उरलेला शाडूचा गोळा आम्ही फोडायला घेतला. ओढणीची पार वाट लागली, पण चेन निघाली! शेजारीण धावत आली, पोरीला कवटाळून रडली. तिच्या मिठीतूनच पोरगी मला विचारते, "मंग उद्या शाळेत जाऊ ना?"

"जा," म्हटलं.

अहवाल लिहिला. त्यात आनंद झाला असं लिहायची सोय नाही, म्हणून हे इथे. पाठवायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. पण बाबा, तुम्ही गेल्यापासून काही चांगलं घडलं की मी तुम्हाला सांगायला फोन हातात घेते, आणि मग आठवतं. आजही घेतला होता.