काचेची ओटी

मुंबई
ता. २० फेब्रुवारी १९५७

ती. सगुणाताईस,
दयारामचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. तू, दाजी आणि आबा ठीक असाल. माझं लग्न वैशाखात उरकायचं ठरलं, असं आबांनी कळवलं. मुलगी पालीकडची, नाव कोकिळा, सातवी शिकलेली, हे सगळं कळलं. मुहूर्त बघून झाला, मानपान ठरले, पण एक गोष्ट कोणीच बघितली नाही. आपल्या घरात माजघर एकच, त्यात चूल, कणगी आणि पावसाळ्यात शेळीसुद्धा. पुढे ओटी, तिथे आबा आणि त्यांचं घोरणं. मग नवी नवरी राहणार कुठे? हे विचारायला लाज वाटते, पण आई नाही आणि तू त्याच गावात चार घरं पलीकडे दिलेली, तेव्हा तुला नाही तर कोणाला विचारू?

यावर मी तोड काढली आहे. आमच्या ठेकेदाराकडे मलबार हिलवरच्या एका शेठजींच्या बंगल्याचं काम चालू आहे. त्यांच्या व्हरांड्याला तिन्ही बाजूंनी काचा लावून आम्ही खोली केली. शेठजी तिला सनरूम म्हणतात. शेठाणी तिथे बसून चहा पितात आणि समुद्र बघतात. पूर्वीच्या खिडक्या काढल्या त्या शेठजींनी मला देऊन टाकल्या. चौकटी सागवानी आणि तावदानं सगळी शाबूत. शिमग्याला येताना पेंढ्यात बांधून शिडाच्या मचव्याने आणतो आणि आपली ओटी बंद करून टाकतो. आबांनी मागच्या पडवीत झोपावं. ते नाही म्हणतील. तू त्यांना वळव. तुझं ते ऐकतात, माझं नुसतं ऐकल्यासारखं करतात.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, पण या कामात तो जरा जास्त लागेल.

तुझा धाकटा,
दयाराम


न्हावे
ता. ३१ मार्च १९५७

चि. दयारामास,
सगुणाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू शिमग्याला येऊन काचा ठोकून गेलास आणि निस्तरायला आम्हाला ठेवलंस. बाबा रे, गावात आता देवळापेक्षा आपल्या ओटीपुढे गर्दी जास्त असते. धर्माजीच्या कोंबड्याला काचेत दुसरा कोंबडा दिसला. तो सकाळपासून त्याच्याशी भांडतो आणि दुपारी दमून तिथेच बसतो. पोरी विहिरीवर जाताना थांबून केस नीट करतात. मैनाकाकूने तर काल कुंकूच लावून घेतलं आणि वर मला सांगितलं की तुमचा आरसा थोडा हिरवट आहे.

आबांनी आपलं घोंगडं उचललं आणि चिंचेखाली नेऊन टाकलं. येणारीजाणारी माणसं आता तिथेच बसतात. मी विचारलं तर म्हणाले की मी काय बाजारातली बरणी आहे, काचेत ठेवायला?

आणि ऊन! तुझ्या शेठाणीकडे समुद्राचा वारा असेल. इथे तू वारा बाहेर ठेवलास आणि ऊन आत घेतलंस. परवा मी सहज तिथे पापड पसरले, ते तासाभरात भाजल्यासारखे झाले. आता आळीतल्या सगळ्या बायका पापड, सांडगे घेऊन येतात. कावळा नाही, धूळ नाही, राखण नाही, म्हणून तुला दुवा देतात. तेव्हा खोली अगदीच वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण तू ती कुरडयांसाठी बांधली नव्हतीस.

एक सांगते, रागावू नकोस. विहिरीची वाट आपल्या ओटीला घासून जाते. नवरा-बायकोच्या खोलीला कोणी काचेच्या भिंती घालतं का रे? निदान पडद्याचं तरी बघ.

आबांची काळजी करू नकोस, ती करायला मी आहे. तुझी कोण करणार ते वैशाखात येईलच.

तुझी ताई,
सगुणा


मुंबई
ता. ८ एप्रिल १९५७

ती. सगुणाताईस,
दयारामचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आमच्या गाळ्यातल्या सहाही जणांनी वाचलं आणि पोट धरून हसले. हसू देत. जगात नवीन काही निघालं की आधी कोंबडेच भांडायला येतात.

पडद्याचं म्हणशील तर पडद्याने उजेड मारला जातो. मग काचा कशाला लावायच्या, कुडाच्या भिंती काय वाईट होत्या? मुंबईची रीत अशी आहे की आतल्याने बाहेर बघायचं, बाहेरच्याने आत बघायचं नाही. आपल्या लोकांना ती हळूहळू कळेल. तरी तुझ्या शब्दाखातर छापील कापड पाठवतो आहे, ते शिवून ठेव. आबांना म्हणावं, लग्न होईपर्यंत चिंचेखाली राहायला माझी हरकत नाही.

मैनाकाकूचे सांडगे मात्र वैशाखाच्या आत निघायला हवेत. बोहल्यावरून उतरून मी सांडग्यांत झोपणार नाही.

बाकी भेटीअंती, तोवर तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दयाराम


न्हावे
ता. ५ ऑगस्ट १९५७

चि. दयारामास,
सगुणाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आज थट्टा करायला मन होत नाही. लग्नानंतर आठ दिवस राहून तू मुंबईला गेलास. पुढे पावसाने मचवे बंद झाले आणि तुला येता आलं नाही, ते मी समजते. तुझी बायको सोन्यासारखी वागली. सकाळी आबांना भाकरी करून द्यायची, दुपारी चिंचेखाली बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आबा लोकांना सांगायचे की आता मला दिल्लीची बातमी घरबसल्या कळते.

आषाढ लागायच्या आधी रीतीप्रमाणे तिचा भाऊ रतन तिला माहेरी घेऊन गेला. आषाढ सरला, श्रावण लागला, तरी ती आलेली नाही. आबांनी माणूस पाठवला तर रतनने सांगितलं की कोकिळा म्हणते, त्या काचेच्या खोलीत मी पुन्हा राहायची नाही. आणखी काही बोलत नाही म्हणे. आळीत सगळे म्हणतात, पोरगी उन्हाने पोळली, आणि बोट तुझ्याकडे दाखवतात.

गौरी महिन्यावर आल्या. नव्या नवरीचा पहिला ओवसा सासरी गौरीपुढे सुपं भरून झाला नाही, तर लोक काय समजतील हे तुला सांगायला नको. सोयरीक तुटली असंच धरून चालतील. आबा रोज विचारतात. परवा म्हणाले, काचा फोडतो. मी कोयती लपवून ठेवली आहे.

तिला तू स्वतः लिही. अक्कल असेल तेवढी सगळी वापर.

काळजीत,
तुझी सगुणाताई


मुंबई
ता. ९ ऑगस्ट १९५७

सौ. कोकिळेस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी प्रकृती ठीक असेल. मातोश्री, वडील आणि रतन यांना नमस्कार सांगावा.

ताईच्या पत्रावरून सगळं कळलं. चूक माझी आहे, पण ती दुरुस्त होण्यासारखी आहे. वरच्या ओळीतली तावदानं बिजागरीवर घेतो, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. पश्चिमेला वाळ्याचे पडदे सोडतो, त्यांवर पाणी शिंपडलं की खोली थंडगार. छपराला एक हात पुढे वळचण काढतो, म्हणजे दुपारचं ऊन काचेपर्यंत पोचणारच नाही. एवढं करून लोकांच्या नजरेचा त्रास वाटला तर साध्या काचा काढून दुधी काचा बसवतो. त्यातून उजेड येतो पण माणूस दिसत नाही. मलबार हिलवर न्हाणीघराला त्याच लावतात.

यातलं काय काय करू ते कळव. तू म्हणशील त्या क्रमाने करीन. फक्त ओवशाला ये.

तुझा,
दयाराम


पालीजवळून
ता. १६ ऑगस्ट १९५७

ती. स्व. यांचे सेवेशी,
कोकिळेचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पावलं. पाकिटावरचं नाव रतनने लिहिलं आहे, मी लिहिणार नाही. आई म्हणते, मुलगी सातवी झाली तरी एवढं पाळते.

उन्हाला भिऊन मी माहेरी बसले असं तुम्हाला वाटलं याचं हसू आलं. दरवर्षी भर वैशाखात शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजणारी मुलगी मी, मला खोलीचं ऊन काय करणार? तुमची खोली चांगली आहे. सकाळी आतून खाडी दिसते. मी तिच्याबद्दल कोणापाशी वाईट बोललेले नाही.

पण आपल्या गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला असतात. त्यांच्या बायका तिन्हीसांजेला दार लोटून माजघरात बसतात. डोळ्यांत पाणी आलं तर चुलीचा धूर म्हणता येतं. मला ते करता येत नाही. मी वेणी घातली, जेवले, नुसती बसून राहिले, तरी सगळं वाटेवरून दिसतं. विहिरीवरून येणारी प्रत्येक बाई घडा कमरेवर सावरून थांबते आणि विचारते, "एकलीच हाय का गो?" मायेनेच विचारतात. पडदा ओढला तर म्हणतात, पालीवालीला गर्व झाला. म्हणून मी पडदा बाजूला करून व्हय म्हणायचे. दिवसातून किती वेळा म्हटलं असेल ते मोजलं नाही. एकदा व्हय म्हणतानाच रडू आलं, आणि तेही सगळ्यांना दिसलं.

तुम्ही खोली दोघांसाठी बांधलीत आणि तिच्यात मला एकटीला ठेवून गेलात. दुधी काचा लावल्या तर लोकांना दिसणार नाही, पण मला तर कळेलच ना.

मला ओवसा हवा आहे. आबांची आठवण येते, तुमची तर येतेच, ते लिहायला लाज का वाटावी? तुमच्या गाळ्यात सहाजण झोपतात, म्हणून मला मुंबईला न्या असंही म्हणत नाही. मग काय करायचं ते मला सुचत नाही. सुतार तुम्ही आहात.

दूर असले तरी तुमच्याच मायेत असलेली,
कोकिळा


न्हावे
ता. २६ ऑगस्ट १९५७

सौ. कोकिळेस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

वर गावाचं नाव बघून दचकू नकोस. नारळी पौर्णिमा होऊन मचवे सुरू झाले आणि मी हत्यारांच्या पेटीसकट घरी आलो. ठेकेदाराने विचारलं की काचेचं बारीक काम सोडून गावात जाऊन खुंट्या ठोकणार का? मी म्हटलं, ठोकीन. आपल्या बंदरावर होड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे काम मिळालं आहे. डांबराने हात काळे होतात आणि मलबार हिलची ऐट पहिल्याच दिवशी उतरली. पण संध्याकाळी माणूस आपल्या घरी असतो.

काल पावसाने काम बंद होतं, म्हणून दिवसभर त्या खोलीत बसलो. आजवर किती घरांना काचा बसवल्या, पण त्यांच्या आत कधी बसलो नव्हतो. पहिल्या बाईने विचारलं, "एकलाच हाय का रं?" तिला मी हसून उत्तर दिलं. दुसरीलाही दिलं. दुपारी मैनाकाकूने विचारलं तेव्हा मी पडदा ओढला, तर बाहेरून ऐकू आलं की मुंबईवाल्याला गर्व झाला. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं होतं, पण ते मला काल कळलं. मला माफ कर.

आबा अजून चिंचेखालीच आहेत. वर्तमानपत्र माझ्याकडून वाचून घेत नाहीत. म्हणतात, तुला वाचता येतं, सांगता येत नाही.

या पत्राला उत्तर लिहू नकोस, ते घ्यायला मी इथे नसेन. पत्र टाकून दोन दिवसांनी मी तुमच्या वाटेला लागतो आहे. तू निघालीस तर दोघं मिळून येऊ. नाही निघालीस तर तुझ्या बाबांच्या ओटीवर बसून राहीन. तिला काचाही नाहीत आणि पडदाही नाही. तुमच्या गावाला काय विचारायचं ते मला विचारू दे, तू बाहेर येईपर्यंत मी व्हय म्हणत राहीन.

तुझाच,
दयाराम