चार पोस्टमन आणि ताईचा डोळा

सोमवार, ४ तारीख

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

ठरल्याप्रमाणे आज सकाळी आमची पायी मोहीम निघाली. चौघंही रिटायर्ड पोस्टमन, त्यामुळे चौघांनी ट्रंकेतून जुना खाकी गणवेश काढला. बटणं कुणाचीच लागली नाहीत, पण त्याची चर्चा न करायचं ठरलं. तुला माहीतच आहे, तुझ्या गावच्या डोळ्यांच्या दवाखान्याला नवं मशीन घ्यायचं आहे. आम्ही इथून तिथवर चालत पोचलो तर इथल्या मंडळींनी मदत द्यायचं कबूल केलंय. मध्येच बसमध्ये बसलो तर नुसतं हसायचं कबूल केलंय.

तुझी अट माझ्या पक्की ध्यानात आहे. पंधराला, शुक्रवारी, मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला असलो तरच तू आत जाणार. मी चौदालाच पोचतो, अगदी रमतगमत आलो तरी.

आता आजची हकिगत. सगळ्यात पुढे झोळीला, म्हणजे आमच्यातल्या त्या नावाच्या गड्याला, ठेवलं होतं. त्याने सगळी नोकरी डाव्या खांद्याला थैली अडकवून केली, त्यामुळे तो चालताना डावीकडे कलतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण कलता कलता वळतोही, हे कधी लक्षात आलं नव्हतं. आम्ही त्याच्या पाठीकडे बघत, गप्पा मारत दिवसभर छान चाललो. संध्याकाळी एका गावात पोचलो. तिथलं पोस्ट ऑफिस पाहून आमच्यातला दुसरा, ज्याला आम्ही शिक्का म्हणतो, फार खूश झाला. म्हणाला, हुबेहूब आपल्यासारखं बांधलंय, पायरीसुद्धा तशीच फुटलेली आहे. आत गेलो तर आमचेच पोस्टमास्तर बसले होते. त्यांनी विचारलं, काही विसरलात का. आमच्यातल्या चौथ्याने, तारबाबूने, सांगितलं, नाही, सहज आलो.

तेव्हा आज रात्री मी माझ्याच घरी झोपतो आहे. उद्या झोळीला मागे ठेवणार आणि पोस्टमास्तरांना सांगितलंय की आम्ही पुन्हा आलो तर दार उघडू नका.

पुढच्या मुक्कामांची नावं मागे लिहिली आहेत. तिथल्या पोस्टात माझ्या नावाने पत्र टाक, ठेवून घेतील. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


गुरुवार, ७ तारीख

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यासोबत थोडी अक्कल.

तुझं पत्र शेजारच्या शिंपीणबाईने वाचून दाखवलं. ती वाचताना मधूनमधून स्वतःचं मतही घालते, त्यामुळे तुला गाढव कोणी म्हटलं ते मला नक्की सांगता येणार नाही. पण मी अडवलं नाही. माझ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर सांभाळून घे, कागद कुठे संपतो ते हल्ली बोटाने चाचपावं लागतं.

माझं बरं चाललंय. काल खुंटीवरच्या कोटाला पाहुणा समजून बसा म्हटलं. तो बसला नाही म्हणून मनात रागही धरला. शिंपीणबाई येईपर्यंत मी त्याच्याशी अबोला धरून होते.

डॉक्टरांचा निरोप आलाय की या वेळी पळालीस तर नाव कायमचं काढून टाकू. मोतीबिंदू इतका पिकलाय की आणखी थांबलं तर मशीनही काही करू शकणार नाही. मी दोनदा पळाले हे खरं आहे. पहिल्या वेळी दवाखान्याच्या चपला घालूनच घरी आले. दुसऱ्या वेळी नर्सला सांगितलं की पेशंट मी नव्हे, मी भेटायला आलेय, आणि तिनेच मला फाटकापर्यंत हात धरून पोचवलं.

तुला आठवतं का, दात काढायला नेलं होतं तेव्हा तू माझं बोट सोडायला तयार नव्हतास? डॉक्टरने तुझ्याऐवजी माझंच तोंड उघडून पाहिलं होतं. आता माझी पाळी आहे, एवढंच. तू बाहेर आहेस हे कळलं की मी पडून राहीन. सरळ बसने आलास तर काय बिघडेल, याचा विचार कर.

जेवत जा. पायाला तेल लाव. झोळीच्या मागून चालू नकोस.

तुझी,
ताई


सोमवार, ११ तारीख

ती. ताईस,
दमलेल्या पायांचा पण ताज्या मनाचा नमस्कार.

बसने आलो तर मशीनची मदत बुडते, आणि त्या मशीनची वाट बघणारी तुझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. म्हणून पायीच. पण थोडा उशीर झालाय, आणि त्यात आमचा दोष असा काही नाही.

दोष गणवेशाचा आहे. रस्त्यात लोक आम्हाला बघतात आणि पत्रं हातात देतात. आम्ही चालायला निघालोय, वाटायला नाही, असं दर वेळी सांगायचं ठरवतो. तोपर्यंत हात पुढे झालेला असतो. एकदा पत्र हातात आलं की ते पोचवल्याशिवाय झोप लागत नाही, याला पोस्टमनशिवाय कोणीही वेडेपणाच म्हणेल. एका आजोबांनी तर आम्हाला अंगणात उभं करून विचारलं की माझ्या मुलाचं पत्र इतकी वर्षं का आलं नाही. आम्ही चौघांनी माना खाली घातल्या आणि माफी मागितली. तारबाबू तारेच्या हिशोबाने बोलतो, शब्द वाया घालवत नाही. त्याने त्यांना विचारलं, मुलगा कुठे. आजोबा म्हणाले, आत झोपलाय.

पण खरा घोळ कोंबडीने केला. एका बाईने पायाला पत्ता बांधलेली जिवंत कोंबडी दिली, पलीकडच्या गावच्या तिच्या बहिणीसाठी. पंखावर तिकीटही चिकटवलं होतं. शिक्क्याने ती नीट तपासली आणि खिशातला जुना शिक्का काढून तिकिटावर मारला. मी म्हटलं, अरे, आता ती टपाल झाली. तो म्हणाला, म्हणूनच मारला.

पलीकडच्या गावी गेलो तर बहिणीच्या घराला कुलूप. शेजारी घ्यायला तयार होते, पण नियम म्हणजे नियम. घरी कोणी नसेल तर टपाल पाठवणाऱ्याकडे परत. त्यामुळे अख्खा दिवस उलटं चालून कोंबडी परत दिली. दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा त्या बाईने दार लावून घेतलं होतं.

ताई, तू घाबरू नकोस. आता टोप्या काढून पिशवीत टाकल्या आहेत. हातही खिशात ठेवून चालतो. मी वेळेवर येणार, हा माझा शब्द आहे.

तुझा,
धाकटा


बुधवार, १३ तारीख

चि. धाकट्यास,
आशीर्वाद मागच्याच पत्रातले वापर. तुझ्या शेवटच्या मुक्कामावर हे बसवाल्याच्या हाती पाठवतेय.

शिंपीणबाई कोंबडीपाशी आली आणि तिला पुढे वाचताच येईना. ती हसत होती आणि मला रडू येत होतं. तू परक्या बाईची कोंबडी दिवसभर मिरवलीस आणि इथे सख्खी बहीण पिशवी भरून बसलीय.

तुला वाटतं मी सुरीला भिते. तसं नाही रे. आज मला निदान धुकं दिसतं. धुक्यात कोण उभं आहे ते मी आवाजावरून, चालण्यावरून ओळखते, आणि कोटाशी का होईना, बोलते. ते पट्टी काढतील आणि काहीच दिसणार नाही, याची मला भीती वाटते. मग धुकंही गेलेलं असेल. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. हे पत्र शिंपीणबाईला दाखवलेलं नाही, म्हणून पत्ता वाकडा असेल.

तू बाहेर नसलास तर मी जाणार नाही. मग तुमचं मशीन दुसऱ्या कोणासाठी लावा.

ताई


गुरुवार, १४ तारीख

ती. ताईस,
घाईघाईचा नमस्कार.

तुझं पत्र आत्ता मिळालं. वाचून मी रस्त्याच्या कडेला बसलो. झोळीने विचारलं काय झालं. आणि त्यानेच माझी पिशवी उचलली.

आज पोचणं होत नाही, पण उद्या सकाळी नक्की. हे पत्र इथल्या पेटीत टाकलं तर माझ्यानंतर दोन दिवसांनी पोचेल. तुला उत्तर लगेच मिळायला हवं, म्हणून मी ते स्वतःच आणून देतो.

काहीच दिसणार नाही असं होणार नाही. आणि झालंच तर मी आहे. एवढंच लिहायचं होतं.

तुझा,
धाकटा


गुरुवार, २८ तारीख

चि. धाकट्यास,
पुष्कळ आशीर्वाद. हे पत्र मीच लिहिलंय आणि मीच वाचून पाहिलंय. ओळी सरळ आहेत, बघून घे.

तू तिकडे घरी पोचल्याचं कळलं. दवाखान्यात मशीन कोणत्या खोलीत ठेवायचं यावर आता भांडण चालू आहे, म्हणजे ते नक्की येणार. त्या सकाळची गोष्ट तू गावभर वेगळीच सांगत असशील, म्हणून खरी काय ती लिहून ठेवते. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दारावर दोनदा टकटक झालं. मी चाचपत उठेपर्यंत फटीतून पत्र आत सरकलं आणि पावलं निघून गेली. दार उघडलं तर गल्लीच्या तोंडाशी चार खाकी डाग. धाकट्या, दहा दिवस चालत आलास आणि बहिणीच्या दारात पत्र टाकून पुढे गेलास. नंतर म्हणालास, दारात पोचलो की पाय आपोआप मागे फिरतात, आयुष्यभर कोणाच्या घरात शिरायची सवयच नाही.

मी तशीच मागे धावले. शिंपीणबाई माझ्यामागे पत्र वाचत धावत होती. मी हाका मारत होते आणि तुमच्यातला एकही वळला नाही. मागून हाक आली की तक्रारच असते, असं म्हणे तुमच्यात मानतात. तुमची मोहीम जिथे संपायची होती त्या दवाखान्याच्या फाटकातच मी तुला कॉलरला धरलं. तो झोळी निघाला. त्याने सगळी बोलणी मान खाली घालून ऐकून घेतली, बिचारा फार सज्जन आहे.

मग तू सापडलास. तुला रागावत मी पायऱ्या चढले, व्हरांडा ओलांडला, कोणीतरी कोपर धरलं ते झटकायलाही वेळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, रागावा, पण मान हलवू नका, तेव्हा मला कळलं की मी टेबलावर आडवी आहे. भ्यायचं राहूनच गेलं. आणि तू बाहेर बाकावर रडत होतास, असं तारबाबूने मला एका शब्दात सांगितलं.

आता एक खरं सांगते. पट्टी काढली तेव्हा तू विचारलंस, काय दिसतंय. मी म्हटलं, खिडक्या फार घाण आहेत. सगळे हसले. पण मी खिडकी पाहिलीच नव्हती, तुला पाहत होते. माझ्या धुक्यात तू होतास तेवढाच राहिला होतास, काळ्या केसांचा, भरल्या अंगाचा. आवाज तोच, चाल तीच, मग मला कसं कळणार? समोर एक पांढऱ्या केसांचा, गाल बसलेला म्हातारा माझा हात धरून उभा होता आणि तो तू होतास. मला कोणी सांगितलं नाही रे.

दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे. मी पळणार नाही, पण तू ये. या खेपेला बसने ये आणि दारात आलास की आत ये. चालत यायला लागतो तेवढा वेळ आपल्याकडे आहे असं, तुला नीट पाहिल्यापासून, मला वाटत नाही.

वाट बघणारी,
ताई