कुलूप लावलेला अर्ज

मंगळवार, सांजच्याला

परभणीच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली, अर्ज आज पाचाच्या आत ईमेलनं पोचायला पायजे व्हता. दिराला कळलं तर जाऊ देणार न्हाई, म्हून चुडाव्याला शबानाच्या कंप्युटर सेंटरात अर्जाच्या फाइलीला मीच पासवर्ड घातला. तिलाबी सांगितला न्हाई. ते शहाणपणच नडलं.

घरी आले तर पावणेपाचला तिचा फोन. "मावशी, अर्ज परत आला. वसतिगृहाच्या हापिसातलं मशीन आधी फाइल उघडतं, खराब असंल ते काढतं अन् चांगलं तेवढं नव्या फाइलीत भरून आत देतं. कुलूप असलं की दारातच अडवतं."

"म्हंजी माजी सासूच की." शेजारणीचा डबा आला की ती निवडून आपल्या भांड्यात वतायची, मगच चुलीकडं न्यायची.

"हसू नका, पासवर्ड सांगा. येळ न्हाई."

पासवर्ड म्हंजी ह्यांचं नाव. उखाण्याबिगर कधी घेतलं न्हाई, अन् ते गेल्यावर उखाणाबी न्हाई. त्यात दीर समोर ओट्यावर बसलेला. घेऊ का नको?

"किसन," हळूच म्हणलं. शबानाला ऐकूच गेलं न्हाई. मग मोठ्यानं म्हणलं.

दीर दचकला. "वैनी, दादाला हाक मारली?"

कानात शबाना म्हणायली, "उघडली मावशी... कुलूप काढून पाठवली... पोचल्याचं उत्तरबी आलं."

"हो," मी दिराला म्हणलं. "म्हणलं, जरा दार उघडा."