मुरारीचा तीनदा फुटलेला आवाज

मु. नाते, ता. महाड

तीर्थस्वरूप मामांच्या पायांवर भाचा महिपत याचे डोके.

आपला गुडघा आता गिरणीचा जिना चढू देतो का, मामीचा खोकला बसला का, ते कळवावे. इकडे खाणेपिणे, झोप यथास्थित. फक्त पोटात दुखते. त्या पोटदुखीचे नाव मुरारी.

मुरारी म्हणजे तळीयेचा गाडीवान. आंबेनळीच्या घाटात बैलांवर ओरडून त्याने गळा कमावला आहे. यंदा आमच्या नाटक मंडळीने 'संगीत कंठशूळ' बसवले. त्यात एक नामांकित गवई आपल्याच शिष्याची वाहवा ऐकून आतल्या आत जळतो आणि तिसऱ्या अंकात भर दरबारात त्याचा आवाज फुटतो. (एवढा मोठा गवई असा कोणावर जळेल, हे मला मुळीच पटले नाही.) नाटकाचे पुस्तक मी आणले, पदे मला पाठ, तरी तालीममास्तर गोमाजींनी गवई केले मुरारीला आणि मला बसवले पेटीवर. म्हणाले, "महिपत, तुजा गला गोड हाय रे, पन त्यात दुखना नाय." दुखणेच हवे होते तर वैद्याकडे जायचे!

महाडला प्रयोग झाला. तिसऱ्या अंकाचे पद काळी दोनमध्ये ठरलेले. मी काळी चार धरली, म्हणजे पट्टी बरीच वर. (बोट घसरले, असे मी सर्वांना सांगितले आहे. आपणही तेच सांगावे.) मुरारीची फजिती डोळे भरून पाहावी म्हणून मान वर केली. पहिल्याच तानेत त्याचा आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आले, आणि लोक उठून ओरडले, वन्समोअर! मामा, फाटलेल्या आवाजाला वन्समोअर! त्यांना वाटले, गवई खरोखरच जळतो आहे. आणि वन्समोअर आला की पद त्याच पट्टीत पुन्हा म्हणायचे, हा रिवाज. तो तीनदा फाटला आणि तिन्ही वेळा साथ माझीच. आमची शकू, जिने लग्नापासून माझ्या पेटीला कधी कान दिला नाही, ती पदराने डोळे पुसत होती. खरे लिहितो, तेव्हापासून मी नुसता जळतो आहे.

त्या दिवसापासून मुरारीचा गळा बसला तो बसलाच. बैलसुद्धा खुणेने हाकतो. त्यामुळे पोलादपूरच्या प्रयोगात गवई मी. देवाच्या घरी न्याय आहे. बाकी क्षेम.

आपला भाचा,
महिपत

ता. क. तालमीत मी पद इतके सुरेख म्हटले की मास्तरांनी कपाळाला हात लावला. आवाज फुटेचना. पट्टी चढवून झाली, मिरची खाऊन झाली, मेलेली म्हैस आठवून झाली. शेवटी महाडचे वन्समोअर आठवले आणि गळा असा फुटला की मास्तर ओरडले, "ह्योच गवई!"

ता. क. दुसरा. तेव्हा रजा काढून पोलादपुरास यावेच. अगदी पुढे बसावे, आणि तिसरा अंक उघडला की मला ऐकू येईल अशा बेताने मामीला म्हणावे, "मुरारीची सर नाय गो याला." हे नाटकापुरतेच म्हणायचे. खरोखर तसे वाटले, तर कृपा करून मला कळवू नये.