सईला मराठी कळतं

१० सप्टें., रवि.
सईला इतिहासाचा प्रोजेक्ट: अमेरिकेत रेल्वे पश्चिमेकडे कशी गेली, तिच्यामागून पोलाद, कारखाने, शहरं कशी आली. अनि स्वतः इथे आखातात फुटबॉल वर्ल्ड कपसाठी बांधतायत त्या मेट्रोचा इंजिनिअर, मग काय! साइटवरून आला तो बूटसुद्धा न काढता लेकीच्या टेबलाशी. दोन कंपन्या दोन टोकांनी रूळ टाकत कशा निघाल्या, डोंगर कसे फोडले... चहा दोनदा गरम केला मी.

१२ मंगळ.
जेवताना अनि भात नुसता चिवडत होता. मग एकदम बोलला. अल रय्यानच्या साइटवर सळया बांधणारा एक नेपाळी माणूस भरदुपारी कोसळला. हॉस्पिटलमध्ये नेलं, शुद्धीवर नाही. उन्हाळ्यातली दुपारच्या कामावरची सरकारी बंदी ऑगस्टअखेर उठली, पण ऊन कुठे उतरलंय मेलं? "मी म्हटलं, आजच्यापुरतं थांबवू या. तर डायरेक्टर म्हणतो, वर्ल्ड कप थांबणार आहे का?" काम चालूच राहिलं.
सई समोरच जेवत होती. म्हटलं, हिला काय कळतंय.

१५ शुक्र.
अनि झोपलेलाच. पोहे खाताना सईने मला प्रोजेक्ट वाचून दाखवला. डोंगरात सुरुंग लावणारे चिनी मजूर, आणि रूळ जुळले त्या दिवशीच्या प्रसिद्ध फोटोत ते जवळजवळ नाहीतच. छान लिहिलंय, म्हणणार होते. तर शेवटचं पान: माझ्या बाबांच्या साइटवर मंगळवारी एक माणूस पडला. डायरेक्टरचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं. बशी बाजूला सारली मी.
"तुला कोणी सांगितलं?"
"यू गाइज टॉक इन फ्रंट ऑफ मी, आई. आय अंडरस्टँड मराठी."
उत्तर इंग्रजीत देते म्हणून इतकी वर्षं आम्ही नको ते सगळं हिच्यासमोर बोलत आलो. सासूबाईंबद्दलसुद्धा! गाढव आम्हीच.

१७ रवि.
डायरेक्टरची मुलगी सईच्याच वर्गात. गुरुवारी शाळेत प्रोजेक्ट वाचायचा, सगळे आईबाप ऐकायला येणार. अनिचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपतंय. बिन महमूद भागातला हा फ्लॅट कंपनीचा, शाळेची फी कंपनीची, व्हिसा कंपनीचा. सईला आधी समजावलं, मग ओरडले. ते पान काढ.
"इज इट अ लाय?"
"खोटं नाही गं, पण..."
अनिला अजून सांगितलेलं नाही.

१८ सोम.
सांगितलं. वाटलं, चिडेल. पान वाचलं, ठेवलं. "तूच सांग तिला काढायला. माझ्याच्याने नाही होणार." आणि गेला खाली फिरायला. म्हणजे वाईटपणा मीच घ्यायचा, नेहमीसारखा!
सई "फाइन" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

२१ गुरु.
डायरेक्टर सहकुटुंब पहिल्या रांगेत. सई सुंदर बोलली. शेवटचं पान खरंच वगळलं पोरीने. टाळ्या. हुश्श म्हणते तोवर डायरेक्टर हसत म्हणाला (इंग्रजीत), बरं झालं, ते दिवस गेले. सगळे हसले. सई हसली नाही, नुसती बाबाकडे बघत राहिली.
आणि अनि उभा राहिला. "सर, गेले नाहीत. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारचं तुम्हालाही माहीत आहे." मी शर्ट ओढतेय, "बस ना खाली, अनि, बस!" नाही बसला. सगळं सांगितलं.
गाडीतून घरी आलो. इतका संताप आलाय त्याचा. आणि तरी वळून वळून बघतेय त्याच्याकडेच.

२३ शनि.
अनिला उद्या सकाळी डायरेक्टरच्या केबिनमध्ये बोलावणं. कशासाठी, ते नाही सांगितलं. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू? नाशिकला परत जायचं तर सईच्या शाळेचं काय, अनिला या वयात कोण घेणार...
अनि हॉस्पिटलला निघाला, सई त्याच्यामागे. त्या माणसाचं नाव टेक बहादूर, आज कळलं. नको जाऊ म्हणणार होते, पण म्हटलं नाही. मऊ खिचडीचा डबा भरून दिला. तो शुद्धीवर आलाय की नाही, कोणालाच माहीत नाही.