आवाज गेलेला फोन

हैदराबाद

प्रिय अनसूया,

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. सासरी हातांनी बोलणारं कुणी नाही, खुणा विसरत चाललेय, परवा आरशासमोर उभी राहिले तर हातच हलेनात, असं लिहितेस आणि खाली 'बाकी सगळं ठीक' म्हणून मोकळी होतेस? बहिऱ्यांच्या शाळेत बाकाखाली हात घालून दिवसभर माझं डोकं खाणारी तूच ना? तेव्हाच ठरवलं, तुझ्याशी समोरासमोर बोलता येईल असा फोन घ्यायचाच. साड्यांना फॉल लावून साठवलेले साडेचार हजार होते. त्यात नवा कुठला यायला?

रविवारी अत्तम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन अबिड्सला जुन्या फोनच्या गल्लीत गेले. दुकानदार ग़ौसभाई दर फोनवर गाणं लावायचा आणि माझ्या कानाशी धरायचा. अत्तम्मांनी सांगितलं, सून ऐकत नाही हो. तर म्हणतो कसा, हल्ली कुठली सून ऐकते, अम्मा! हे त्यांनी नंतर रिक्षात हसत हसत मला हातांनी सांगितलं. पन्नाशीत माझ्यासाठी शिकल्या त्या. एक हात कायम पर्सवर, त्यामुळे निम्मं बोलणं अर्धवटच, पण मला पोचतं. तुझ्या घरी कुणी तेवढंही केलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी आपली एकेक फोन डब्याला टेकवून उभा करायची आणि कॅमेऱ्यासमोर हात चालवून बघायची. बजेटमधल्या चकाचक फोनांत बोटं नुसती फराट्यांसारखी दिसत होती. लोक जमले, बघत राहिले. मग कोपऱ्यातल्या टोपलीकडे लक्ष गेलं. आवाज गेलेले फोन, सुटे भाग काढायला ठेवलेले. त्यातला एक लावला तर बोटाचं पेर न् पेर स्वच्छ. ग़ौसभाई द्यायला तयार नाही. उद्या परत आणून भांडाल म्हणे. अत्तम्मांनीही मला चिमटा काढला, पैसे पाण्यात जातील म्हणून. मी हातांनी विचारलं, याचा आवाज मला कशाला हवाय? त्यांनी कपाळावर हात मारला. मग वळून त्यालाच धारेवर धरलं, मुक्या फोनची एवढी किंमत मागायला लाज कशी वाटत नाही म्हणून.

इतका भाव पाडला त्यांनी, की त्याच पैशांत दोन आले. दुसरा या पत्रासोबत आहे, तुझा भाऊ बतुकम्माच्या सणाची साडी घेऊन येतोय तिच्या घडीत. कार्ड घातलंय, महिन्याचे पैसे भरलेत. दुपारी तांब्याला टेकवून ठेव, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. हात अडखळले तर अडखळू देत, मला घाई नाही. घरातला फोन दिराच्या खिशात असतो, हाही जाईल अशी भीती तुला वाटणारच. त्याने मागितला तर बिनधास्त दे. कानाला लावून बघेल आणि आपणहून तुझ्या हातात परत देईल.

तुझीच बडबडी,
स्वरूपा