मस्कतला उशिरा पोचलेलं बोलावणं

१४ ऑक्टो., मंगळ.
सकाळपासून मुंबईच्या क्लाउड सर्व्हरवरून दुबईच्या सर्व्हरला पिंग करून जायला-यायला लागणारा वेळ मोजतेय. स्पीड झकास, आवाज पोचायला वेळ लागतच नाही. रिपोर्ट हिरवागार, साहेब खूश. आमच्या कंपनीच्या ॲपवरून जगात कुठेही बोला म्हणे! इथे लाखांदूरकडच्या आमच्या गावात अंगणात उभं राहिल्याशिवाय रेंज नाही. ते कुठे लिहू?

१६, गुरु.
दादाचा मस्कतहून मेसेज. दिवाळीनंतरच्या मंडईला, गावच्या जत्रेला यायचंय, वहिनीला घेऊन. लग्नावरून भांडून गेला तेव्हापासून बाबांशी एक शब्द नाही. "बाबा स्वतः ये म्हणतीन तरच. तू फोन लावून दे."
आपल्याच ॲपवरून बोलू म्हटलं. माझाच शहाणपणा.

१७, शुक्र.
बाबांना अंगणात उभं करून फोन लावला, लागला. दादाने सरळ विचारलं, "बाबा, मंडईले येऊ का आम्ही?" बाबांनी घसा खाकरला. "ये बेटा. सुनेले घेऊन ये." मी रडायच्या बेतात. स्क्रीनवर दादाचा चेहरा तसाच, वाट बघणारा. मग म्हणाला, "ठीक आहे, समजलो." कट.
बाबा रागावले की गप्प बसतात, हे त्याला लहानपणापासून पाठ. अंगणातल्या रेंजमधून त्यांचं बोलणं उशिरा पोचलं असेल, तोवर दादा फोन ठेवून मोकळा.

१८, शनि.
दादा फोन उचलत नाही. सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "तू बनवून सांगून राहिली. बाबा मले कधी बेटा म्हणतेत?"
खरंच, कधीच म्हणत नाहीत. काय पुरावा देऊ!
साहेबांना विचारलं, कॉलचा आवाज कुठे साठतो का? नाही. "सर्व्हर तो ठीक है ना?" ठीकच आहे. मी सर्व्हरपासून सर्व्हरपर्यंत मोजते. आमचं अंगण त्यात येतच नाही.

२०, सोम.
बाबांना म्हटलं, पुन्हा एकदा बोला ना. "एकदा बोललो न मी. एवढं मोजून राहिली तू, मंग माझं बोलणं कोठी गेलं ते सांग."
नुसती चीड येते, आणि काढायची कोणावर...

२५, शनि.
आज मंडई. घरोघरी पाहुणे, आमच्याकडे कोणी नाही. दुपारी बाबा माझ्याजवळ आले. "हे दाबून बोलाचं काय?" व्हॉइस मेसेजचं बटण दाखवलं. बराच वेळ दाबून धरलं त्यांनी. ओठ हलले, मग सोडून दिलं.
ऐकून पाहिलं. नुसता श्वास, मागे मंडईचा गलबला.
"पुन्हा बोलता?"
"पाठव तसाच."
पाठवला. अजून एकच टिक आहे.